कृष्णाला न दिलेला निरोप

नवऱ्याला नाही, बहिणीला नाही, देवापुढंही नाही — हे मी कधी तोंडातून बाहेर काढलं नाही. तुम्हाला सांगते आहे. का, ते मलाही नीट माहीत नाही.

भोर तेव्हा संस्थान होतं. मुलींच्या शाळेत मी शिक्षिका, आणि संध्याकाळी व्हॉलीबॉल शिकवणारीही मीच. मैदान मी आखून घेतलं. पदर खोचून चेंडू कसा मारायचा ते मी दाखवलं. गावाची बोलणी मी खाल्ली. मग दुसऱ्या वर्षी हाताखाली कृष्णा आली. उत्रोलीची, भावाकडे राहणारी बालविधवा. व्हर्नाक्युलर फायनल, म्हणजे सातवीची परीक्षा, पास झालेली. नेमणूक हंगामी.

परीक्षेत नापास होईल तिला खेळायला मिळणार नाही, असा मोठ्या बाईंचा नियम होता. माझ्या संघातल्या तिघी गणितात कच्च्या. कृष्णानं त्यांना मैदानाच्या कडेला बसवून, काटकीनं मातीत आकडे काढून त्रैराशिक शिकवलं. तिघी पास झाल्या. मला आनंद व्हायला हवा होता — नाही का? पण मुली मला ‘बाई’ म्हणायच्या आणि तिला ‘आक्का’. डाव जिंकला की धावत तिच्याकडे जायच्या. एवढंच. एवढ्यानं माणूस जळतं? मी जळले.

पुढं खेळाच्या शिक्षिकेची कायमची जागा निघाली. तपासनीस येऊन दोघींचं शिकवणं बघणार होते, शुक्रवारी. कृष्णा भातकापणीसाठी गुरुवारपर्यंत रजेवर होती. आणि अचानक कळलं, साहेब मंगळवारीच येताहेत. मोठ्या बाईंनी मला सांगितलं, उत्रोलीला जाऊन तिला निरोप दे.

मी गेले — हो, गेले. विळा ठेवून ती बांधावर आली, मला पाणी दिलं, मुलींची चौकशी केली. जाळी कुठं फाटली ते मी सांगितलं. निरोप जिभेवर होता. मी उठले आणि परत आले.

मंगळवारी मोठ्या बाईंनी विचारलं. मी म्हणाले, “सांगितलं होतं.”

शुक्रवारी ती आली, धुवट लुगडं नेसून. मोठ्या बाईंनी सगळ्यांसमोर तिला बेजबाबदार म्हटलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. आता बोलेल — मला वाटलं. मग ती मोठ्या बाईंकडे वळून म्हणाली, “यांनी सांगितलं आसंल. माझ्याच ध्यानात ऱ्हायलं न्हाई.”

तिला सगळं कळलं होतं. तरीही.

जागा मला मिळाली, तिची हंगामी नेमणूक संपली. आक्का कुठं गेली, मुली महिनाभर विचारत होत्या. तिलाच नोकरी नको होती, असं मी सांगितलं. तेही खोटंच.

भोरहून उत्रोली चालत जाण्यासारखी. नोकरी संपेपर्यंत मी भोरातच होते. त्यानंतर एकदाही तिच्याकडे गेले नाही.