अक्कांची कुजबूज

अक्कांना कुजबुजता येत नसे. आवाज खाली आणायचा म्हणून त्या तोंडापुढे हाताचा आडोसा धरत, मान वाकवत, डोळे बारीक करत, आणि एवढ्या तयारीनंतर जे काही बाहेर पडे ते दोन खोल्यांपलीकडे स्वच्छ ऐकू जाई. नोकरी मात्र ग्रंथालयात. विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्या परिचर होत्या. वाचनकक्षात कोणी बोलू लागलं की "हळू बोला, पोरं वाचताहेत" असं त्या सांगत, आणि वाचणारी पोरं दचकून पुस्तकं मिटत. एकदा बाहेरगावचे एक पाहुणे प्राध्यापक त्यांच्या "शांत बसा" या हाकेसरशी खुर्चीतून उठून उभेच राहिले. शेवटी अक्कांनीच त्यांना बसायला सांगितलं.

या आवाजाचं कारण त्या शांतपणे, म्हणजे त्यांच्या मानानं शांतपणे, सांगत. माहेर पिंपळनेरकडचं. शेताच्या एका बांधावर आई, दुसऱ्या बांधावर ह्या. "आमच्यात गुपितंसुद्धा अशीच सांगायची पद्धत," त्या म्हणायच्या. कामावर त्यांची भाषा नीटनेटकी असे, पण राग आला किंवा माया दाटली की थेट अहिराणी. मी वरणगावची, वडील तिथल्या फॅक्टरीत. आमच्याकडची बोली वेगळी. अक्कांची अहिराणी मला अर्धी कळे, उरलेली मी त्यांच्या भुवयांवरून लावून घेई.

मी एम. ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा आमच्या सरांनी युवक महोत्सवासाठी एका जुन्या भूतकथेचं नाटक करायचं ठरवलं. आमच्या भागातल्या प्रत्येकानं ती लहानपणी कुठे ना कुठे वाचलेली किंवा ऐकलेली असतेच. एक प्रवासी डाकबंगल्यात उतरतो. व्हरांड्यातला रिकामा झोपाळा आपोआप हलतो. बंगला राखणारी बाई त्याला काही सांगत नाही, पण तिला सगळं ठाऊक असतं. शेवटी ती झोपाळ्याकडे बघून म्हणते, "बाई, तुम्ही अजून इथंच?" आणि प्रवासी पळत सुटतो. राखणारी बाई मी होते. भुताचं काम कोणालाच नव्हतं. सर पुन्हा पुन्हा बजावायचे, "भूत दिसणार नाही, भूत बोलणार नाही. भीती त्यातच आहे."

तालमी ग्रंथालयामागच्या हॉलमध्ये दुपारी चार वाजता चालत. प्रॉम्प्टिंग करणारा मुलगा कावीळ होऊन घरी गेला आणि त्याच दिवशी पाच वाजता अक्का दारात उभ्या राहिल्या. "कागद माझ्याकडे द्या. ड्यूटी संपली माझी. तुमचे संवाद मला भिंतीपलीकडून पाठच झालेत." सरांना त्यांचा आवाज माहीत होता. ते "अहो, पण अक्का..." एवढंच म्हणू शकले. तोवर अक्कांनी कागद हातात घेऊन चष्मा चढवलाही होता.

त्यांचं प्रॉम्प्टिंग म्हणजे दुसरं नाटकच होतं. अडलेला शब्द तर त्या सांगतच, वर अभिप्राय जोडत. "'मला तहान लागली आहे.' आणि जरा तहानल्यासारखं म्हण, आताच चहा पिऊन आल्यासारखा दिसतोस!" प्रवाशाचं काम करणारा गौरव बिचारा एकदा घाईत तो अभिप्रायही संवाद समजून म्हणून गेला. आम्ही हसून हसून जमिनीवर बसलो. सरही बसले. अक्का तेवढ्या उभ्या. पानावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "झालं हसून? पुढचं वाक्य सांगू का?"

चहा आला की त्या एक कप भरून झोपाळ्यावर ठेवायच्या. भुताचा. पहिल्या दिवशी आम्हाला गंमत वाटली. चौथ्या दिवशी कप ठेवायचा राहिला तर आम्हालाच चुकल्यासारखं झालं. "अक्का, तुम्हाला भुताची भीती नाही वाटत?" मी विचारलं. "तिले कसाले भ्यावानं?" त्या म्हणाल्या. "बिचारी शे ती. जिती व्हती तवय तिन्हं कोनी ऐकं नही, आते मरी गयी तरी तुम्हना सर तिले बोलू देत नहीत." सरांनी ते ऐकलं. ऐकू न जाण्याचा प्रश्नच नव्हता.

झोपाळा हलवायचं काम प्रशांतकडे होतं. भौतिकशास्त्राचा विद्यार्थी, दांडगा गडी. पडद्याआडून तो नायलॉनची बारीक दोरी ओढायचा. किती जोर लावायचा याचं गणित त्यानं कागदावर मांडलं होतं, पण दोरी लावून केलेल्या पहिल्याच तालमीत झोपाळा असा काही उसळला की पाठमोऱ्या उभ्या असलेल्या सरांच्या पोटरीवर येऊन बसला. सर त्यावर अलगद आसनस्थ झाले आणि दोन झोके घेऊन उतरले. अक्का म्हणाल्या, "तिनंच बसवलं तुम्हाला. चहा तुम्ही पिलात ना तिचा?" खरोखरच त्या दिवशी तो कप सरांनी उचलला होता.

महोत्सवाच्या पहिल्या फेरीचा प्रयोग जळगावला झाला. हॉल गच्च भरला होता. माझ्या वर्गातल्या मुली पहिल्या रांगेत होत्या. तरी शेवटच्या प्रवेशापर्यंत सगळं ठीक चाललं. झोपाळा हलला. मी त्याच्याकडे वळले, "बाई," म्हणाले, आणि पुढचं सगळं पुसलं गेलं.

विंगेतून अक्का कुजबुजल्या, "तुम्ही अजून इथंच?"

तो आवाज सगळ्या हॉलवरून फिरून परत आला. कोणीतरी "आई गं!" म्हणून किंचाळलं. झोपाळा हलतोय आणि बाईचा आवाज कुठून आला ते कोणालाच समजेना. मी आणखीच गारठले. अक्कांना वाटलं, मला ऐकू गेलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं, जास्त मोठ्यानं, "अजून इथंच!" मी गप्प. मग मात्र त्यांचा धीर सुटला, आणि अगदी आतून, कळवळून त्या म्हणाल्या, "बोल ना वं पोरी! कसाले थांबनी?"

पाचशे माणसांनी एकदम श्वास घेतलेला मी त्या दिवशी ऐकला. मागच्या रांगेतली दोन मुलं उठून सरळ दाराबाहेर गेली. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, ते घाबरून आलं की लाजून, मला आजही सांगता येणार नाही. गौरव ठरल्याप्रमाणे पळत सुटला, मात्र ठरलेल्या विंगेत न जाता प्रेक्षकांत उतरला. टाळ्या थांबेनात. परीक्षक आमच्या सरांचा हात धरून म्हणाले, "भुताला अहिराणी बोलायला लावलंत, कमाल केलीत!" सर एकदा त्यांच्याकडे, एकदा अक्कांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हो, म्हणजे, विचार केला होता थोडा."

आम्ही अंतिम फेरीसाठी धुळ्याला निवडले गेलो आणि लगेच एका संघानं हरकत घेतली. भुताचं काम करणारी बाई विद्यार्थिनी नाही. हरकत चुकीची नव्हती. सरांनी आमच्यातल्या प्रत्येक मुलीकडून ते अहिराणी वाक्य म्हणवून पाहिलं. एकीचं म्हणणं भाजीवालीसारखं लागे, दुसरीचं बालवाडीच्या बाईंसारखं. शेवटी प्रशांतनं नियमाचा कागद नीट वाचला आणि हळूच म्हणाला, "प्रॉम्प्टर बाहेरचा चालतो. आणि नटी विसरली तर प्रॉम्प्टर सांगणारच ना?"

असा तो बेत ठरला. मी विसरायचं. अगदी मनापासून, नियमात बसेल असं विसरायचं. मग आठवडाभर मी विसरण्याची तालीम केली. मुद्दाम विसरणं किती कठीण असतं! वाक्य जिभेवर येऊन उभं राही आणि मी त्याला दाताखाली धरून ठेवी. अक्का म्हणायच्या, "हेमा, तू विसरल्यासारखी दिसत नाहीस. दात दुखल्यासारखी दिसतेस."

धुळ्याला जाताना बसमध्ये अक्का खिडकीशी बसल्या होत्या. मांडीवर सगळ्यांसाठी आणलेला ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी-ठेच्याचा डबा होता. नवी जांभळी साडी नेसून आल्या होत्या. "विंगेत कोण बघणार आहे तुम्हाला?" गौरवनं विचारलं. "ती बघेल ना," त्या म्हणाल्या आणि झोपाळ्याच्या साखळ्या ठेवल्या होत्या त्या पोत्याकडे हात केला.

दुपारी तीनला आमचं नाटक लागलं. इतकं सुंदर ते कधीच झालं नव्हतं. गौरव खरोखर तहानलेला वाटला. प्रशांतनं झोपाळा असा हलवला की कोणीतरी नुकतंच उठून गेल्यासारखं वाटावं. शेवटचा प्रवेश आला. मी झोपाळ्याकडे वळले. "बाई," म्हणाले. आणि विसरले.

विंगेतून काहीच आलं नाही.

मी थांबले. झोपाळा हलत होता. मी डोळ्यांच्या कोपऱ्यातून विंगेत पाहिलं. अक्का उभ्या होत्या. हातात कागद नव्हता, चष्मा कपाळावर, दोन्ही हात गालांवर. त्या झोपाळ्याकडे एकटक बघत होत्या, आणि त्यांचा चेहरा एखाद्या लहान मुलीसारखा घाबरलेला होता.

पुढचं मला अर्धवटच आठवतं, उरलेलं नंतर इतरांनी सांगितलं. मी झोपाळ्यापाशी गेले. त्यावर बसले. तालमीत हे कधीच नव्हतं. प्रशांतच्या हातात दोरी होती आणि तिला अचानक माझं वजन लागलं, तरी त्या गड्यानं ती सोडली नाही. आणि मी, जिला धड अहिराणी येत नव्हती, प्रेक्षकांकडे पाहून म्हणाले, "बोला ना वं. कसाले थांबनात?" बंगला राखणारी बाईच ते भूत होती, हे त्या क्षणी लोकांना कळलं, आमच्या नाटकाला कळलं आणि मलाही तेव्हाच कळलं. गौरवची किंकाळी अगदी अस्सल होती.

पडदा पडल्यावर मी धावत विंगेत गेले. "अक्का! बोलला का नाहीत?"

"माले ध्यानच नही रायनं!" त्या रडत होत्या आणि हसतही होत्या. "इतले दिवस मी कागदच वाचत होते ना गं. नाटक कुठे पाहिलं होतं? आज म्हटलं, पाठ आहे, कागद ठेवू खाली. तो झोपाळा हालना, आनि मी दखतच रायनू. भू भ्याव वाटना वं माले!" हे सगळं त्या पडद्यामागे कुजबुजत सांगत होत्या. बाहेर प्रेक्षक पुन्हा टाळ्या वाजवू लागले. त्यांना वाटलं, नाटक अजून चालूच आहे.

आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. परतताना आम्ही बसमध्ये इतका गोंधळ घातला की कंडक्टरनं आम्हाला दोनदा दटावलं आणि तिसऱ्यांदा स्वतःच शेवटचा संवाद ऐकवायला सांगितला.

अक्का त्यानंतर दोन वर्षांनी निवृत्त झाल्या आणि पिंपळनेरला राहायला गेल्या. मी धुळ्याच्या एका महाविद्यालयात शिकवायला लागले. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांचा फोन आला, "ये. एक गोष्ट लिहिली आहे." गेले. ओट्यावर शेजारपाजारच्या दहा-बारा बायका जमल्या होत्या. अक्कांनी शंभर पानी वही उघडली. तीच डाकबंगल्याची गोष्ट होती, पण सगळी त्या मेलेल्या बाईच्या तोंडून, अहिराणीत. ती कोणाची लेक, तिला काय आवडे, कोणत्या झाडाच्या कैऱ्या तिनं पाडल्या, तिनं कोणाला काय सांगायचं ठरवलं होतं आणि ऐकायला कोण थांबलं नाही. अक्का वाचत होत्या आणि रस्त्यावरून जाणारे लोकही सायकली टेकवून उभे राहत होते. बायका खदखदून हसत होत्या, मध्येच पदर डोळ्यांना लावत होत्या.

वाचून झाल्यावर एका म्हातारीनं विचारलं, "ताई, त्या बाईनं नाव काय व्हतं?"

मूळ गोष्टीत तिला नाव नाही. इतक्या वेळा वाचली, नाटक केलं, पण आमच्यातल्या कोणालाही हे विचारावंसं वाटलं नव्हतं. मी वहीकडे पाहिलं. अक्कांनी वही मिटली, माझ्याकडे बघून पोरीसारख्या लाजल्या आणि तोंडापुढे हाताचा आडोसा धरून म्हणाल्या,

"हेमा."

सगळ्या बायका वळून माझ्याकडे बघू लागल्या. माझ्या शेजारी बसलेलीनं मांडीवरचं आपलं पोर उचललं आणि ती हात-दोन हात पलीकडे सरकली.