वाफाऱ्याच्या पेटीतली गजाल

मामंजींचं डोकं एकदम पुढे लवंडलं, हनुवटी फळीवर आपटली, आणि मी नुसती बघत राहिले. हात कडीवर गेला पण कडी निघेना. निघेना म्हणजे मीच काढीना. आत माझा सासरा एका लंगोटीवर बसलेला, आणि मी सून.

थांबा, आधीचं सांगते, नाहीतर तुम्हाला काय कळणार. मालवणहून तारकर्लीकडे जाताना माडांच्या बागेत एका वैदीणबाईचा वाफारा होता. बापाकडून शिकलेली, लहानपणीच विधवा झालेली, पैसे घेऊन उपचार करायची. लाकडाची उभी पेटी. माणूस आत स्टुलावर बसायचा, मुंडकं तेवढं वरच्या भोकातून बाहेर. मागे चुलीवर हंडा, त्यात निर्गुडीचा पाला, हंड्यातून बांबूच्या नळीने वाफ पेटीत. घाम निथळला की बाहेर काढायचं आणि विहिरीकडच्या डोणीत, म्हणजे चिऱ्याच्या टाकीत, गार पाण्यात गळ्यापर्यंत बसवायचं. माणसं आत जाताना बोंबलायची आणि बाहेर येताना हसायची. नांदगावहून एक म्हातारी दोघांच्या खांद्यावर हात टाकून आली होती, ती परत जाताना एकटी गाडीत चढली. मी डोळ्यांनी पाहिलंय.

मी तिथे पाला तोडायला आणि पेटीशी बसायला होते. नवरा मुंबईला, पोर अंगावर पिणारं. पेटीशी बसणारीचं काम एकच, आतल्या माणसाशी गजाली, म्हणजे गप्पा, मारत राहायचं. बाईने पहिल्या दिवशीच सांगितलं होतं, "गजाल थांबली काय पेटी उघडूची. बेसुद्ध होवच्या आदी माणूस गप रवता." काय डोकं होतं त्या बाईचं! नुसत्या बोलण्यावरून तिला कळायचं, कोणाला किती झालं. घरातून काढा ढवळता ढवळता ओरडायची, "त्याची जीभ जड झाली गो, काढ त्याका!"

आणि त्या दिवशी मामंजी आले. तांडेल माणूस, होडीवरचा म्होरक्या, तिथून हाक मारली तर किनाऱ्यावर कुत्री उठायची. कंबर धरलेली, वाकता येईना. माझ्या लग्नाला तीन वर्षं झाली होती आणि त्यांच्याशी मी एक शब्द बोलले नव्हते. आमच्यात सून सासऱ्याशी बोलतच नसे. काही सांगायचं तर पोराच्या तोंडाने. "बाळा, आजोबांका सांग, पेज निवता." तेही पोरालाच उत्तर द्यायचे.

म्हणून मी पोराला मांडीवर घेऊन पेटीशी बसले. "बाळा, इचार आजोबांका, भारी गरम होता काय?"

"सांग आवशीक," मामंजी म्हणाले, "ह्या काय गरम? वैशाखात वाळूत जाळी सुकयतंय मी."

विहिरीच्या रहाटावर पाणी ओढणारा बाईचा गडी हसला. "तांडेलांनू, वाफारो तुमका की नातवाक?"

असं चाललं होतं. मग पोर झोपलं. मी त्याला माडाखालच्या झोळीत घातलं, परत आले, आणि आता बोलायला तोंडच नव्हतं. मामंजींनी डोळे मिटलेले. मनात म्हटलं, आता बोलते, आता बोलते. पदर तोंडात धरला. गडी डोण भरायला पाणी ओढत होता, बाई घरात होती.

आणि डोकं लवंडलं.

"अवो मामंजी! बोला मगे!" ही त्यांना घातलेली माझी पहिली हाक. डोळे घट्ट मिटले आणि कडी काढली.

गड्याने त्यांना काखांत हात घालून बाहेर घेतलं आणि डोणीकडे ओढायला लागला. बाई धावत आली. त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघून तिने विचारलं, "कितको येळ गप होते?"

नुकतेच गप झाले असतील तर गार पाण्याने माणूस चटकन उठतो, फार वेळ झाला असेल तर त्याच पाण्याने छाती बसते. हे तिनेच मला शिकवलं होतं. आत्ताच, असं म्हटलं असतं तर माझं काम राहिलं असतं. खरं सांगितलं तर गावभर होणार, सुनेने सासरा मारला.

"पोर निजल्यापासून," मी म्हटलं. "अर्दी डोण भरली तितको येळ."

"डोण नको! सावलेत निजव!"

पाय उंचावर. ओलं फडकं आधी पावलांना, मग पोटऱ्यांना, मग हातांना, कपाळ सगळ्यात शेवटी. बाई हे सगळं भराभर करत होती. आणि सारखी बोलत होती. "तांडेलांनू, होडी खंय? वारो कसो आसा?" मी फडकी भिजवून तिच्या हातात देत होते.

बऱ्याच वेळाने ओठ हलले. "वारो... पडलो."

"हां, गजाल इली," बाई म्हणाली आणि मीठ घातलेली पेज चमच्याने पाजायला लागली.

मामंजींनी डोळे उघडले. "कोण गो ती बोंबालली?"

"तुमची सून."

"खोटा सांगू नको. माजी सून मुकी आसा."

बाईने मला घालवलं नाही, ओरडलीही नाही. दुसऱ्या दिवशी त्याच पेटीशी बसवलं आणि एवढंच म्हणाली, "पोराक घरात ठेवून येत जा. सोताच्या तोंडान बोल." तशी बाई मी पुन्हा कुठे पाहिली नाही.

पण झोळीपासून पेटीपर्यंत चारच पावलं होती हो, तेवढ्यात माझं तोंड गेलं. तुम्ही असतात तर तोंड उघडलं असतंत? आणि तिने विचारल्यावर, खरं सांगितलं असतंत?