प्लेटचं कव्हर

वस्तू वापरली की खराब होते, हे आमच्या घराण्याला फार पूर्वी कळलेलं सत्य आहे. त्यामुळे राजापेठेतल्या आमच्या घरी टीव्हीचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत राहतो, सोफ्यावर कव्हर असतं आणि त्या कव्हरवर जुनी चादर. सोफ्याचा मूळ रंग कोणता, यावर माझं आणि बायकोचं अजून एकमत झालेलं नाही.

अशा माणसाने दगडधोंड्यांतून चालवायची गाडी घेऊच नये. मी घेतली ती मायसाठी. गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं तर दर्यापूरकडच्या आमच्या वावरातल्या मारोतीपुढे गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजीन, असा तिचा नवस होता. ऑपरेशन उत्तम झालं, पण खडबडीत वाटेने चालायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. आणि वावरात जायला फक्त पांदण! शेतांमधली ती वाट पावसाळ्यात चिखल असते आणि नंतर तोच चिखल वाळून दगड होतो.

"मारोती वाट पाहून राहिला रे गजा," माय उठता-बसता म्हणायची. म्हणून जुनी फोर-बाय-फोर जीप घेतली.

गॅरेजवाला गाडीखाली सरपटत गेला आणि तिथूनच बोलला, "पांदणीत नेता? मंग खालून लोखंडी प्लेट लावा. नाही तं एखादा धोंडा लागन अन् ऑइलचं चेंबर फुटन."

प्लेट लागली. काळी, चकचकीत, माझ्या लग्नातल्या सुटापेक्षा देखणी. चेंबरची काळजी मिटली आणि प्लेटची सुरू झाली. पहिलाच धोंडा लागला की एवढ्या सुंदर प्लेटवर ओरखडा! मी सोयाबीनचं एक रिकामं पोतं शोधलं, सुतळी घेतली आणि गाडीखाली शिरलो.

"अवो, काय करून राहिले तिथं?" बायकोचा, म्हणजे वंदनाचा आवाज आला.

"प्लेटले पोतं बांधून राहिलो."

"अन् प्लेट कायले लावली होती?"

"चेंबरले लागू नये म्हणून."

"अन् पोतं?"

"प्लेटले लागू नये म्हणून."

"मंग पोत्याले काय बांधता?" एवढं विचारून ती आत गेली. (खरं सांगतो, हा विचार माझ्याही मनात येऊन गेला होता. पण घरात मेणकापड नव्हतं.)

नवसाच्या दिवशी माय नवं लुगडं नेसून पुढच्या सीटवर बसली. मागे वंदना, कणीक, वांगी आणि मठ्ठ्याची भली मोठी कॅन. आमचं वावर पाहणारा चुलत भाऊ प्रल्हाद पांदणीच्या तोंडाशी बैलबंडी घेऊन उभा होता. बंडीत गोवऱ्या आणि पाण्याचा ड्रम होता.

"मोठीमाय, बंडीत बस. गवत टाकून गादी केली तुयासाठी," तो म्हणाला.

"काहून? माया पोरानं गाडी घेतली नं," माय म्हणाली. तिचा तो चेहरा पाहून माझी छाती फुगली.

पांदणीत पहिला धोंडा दिसला आणि मी ब्रेक मारला. वजन कमी झालं की गाडी वर उचलली जाते, असं मी कुठेतरी ऐकलं होतं. वंदनाला उतरवलं. पुढच्या धोंड्याला कणीक आणि वांगी तिच्या हातात दिली. त्याच्या पुढचा धोंडा बराच मोठा होता.

"माय, जराशी उतरतं काय? एवढं एक ठिकाण."

माय काठी टेकत उतरली. ते एक ठिकाण काही केल्या संपेना. थोड्या वेळाने जीपमध्ये मी आणि मठ्ठा, असे दोघेच उरलो होतो.

मागून प्रल्हादने विचारलं, "दादा, गाडी कोनासाठी घेतली म्हने?"

"मायसाठी."

"मंग माय कुठी हाय?"

मी समोर पाहिलं. माय चाकांपुढे चालत होती आणि काठीने माझ्या गाडीच्या वाटेतले दगड बाजूला सारत होती. "इकडून घे बापू, इथं कमी लागन," असं मला सांगतही होती.

माझी मलाच लाज वाटली. मायला हाताला धरून सीटवर बसवलं आणि ओरखड्यांचा विचार सोडून गाडी दामटली. खालून धाडधाड आवाज आले, येऊ दिले. मग जळका वास आला.

सुटलेलं पोतं तापलेल्या सायलेन्सरला चिकटलं होतं. गाडीखालून धूर निघू लागला. मी मायला उचलून खाली घेतलं. पाण्याचा ड्रम बंडीत, बंडी मागे. वंदनाने एक क्षणही न दवडता मठ्ठ्याची कॅन गाडीखाली रिती केली. विस्तव विझला, आणि मारोतीच्या आधी सायलेन्सरला नैवेद्य पोचला. उरलेलं पोतं सुतळीसकट चाकाच्या दांड्याला असं गुंडाळलं गेलं होतं की गाडी जागची हलेना.

माय बंडीत गवतावर बसली. वंदना तिच्या शेजारी. मी मान खाली घालून मागून चालू लागलो. बरंच अंतर गेल्यावर मायने वळून पाहिलं.

"गजा, जोडे काहून हातात घेतले रे?"

"नवे हायेत, माय. ढेकळानं खराब होतीन."

बंडी थांबली. प्रल्हादने तोंड फिरवलं. वंदनाने पदर तोंडाला लावला.

"अन् पाय जुने हायेत काय तुये?" माय म्हणाली. "ये बापू, वर बस."

मी बंडीत चढलो. आधी जोडे वर ठेवले, मग मी.