तो म्हणाला, वगैरे वगैरे

मोंढ्याच्या बाजारात हळद मापता मापता माझी उमर गेली. दिवसभर काही कळत नाही, पण घरी येऊन सदरा झटकला की पिवळी धूळ उडते. किस्स्यांचंही तसंच आहे. मुद्दाम कोण गोळा करतंय! चार माणसांत बसून उठलं की आपोआप अंगावर चढलेले असतात. आता हे थोडे झटकतो. शिंक आली तर माझी जबाबदारी नाही.

आमची बसायची जागा म्हणजे वसमतमधलं मंदाचं शिलाईचं दुकान. मंदा ब्लाऊज शिवते. समोर ओटा आहे, ओट्यावर बाकडं आहे आणि बाकड्यावर आम्ही. आमच्यात सगळ्यांत लहान मंदाच, आणि तिच्याही पोरीचं लगीन होऊन गेलं. आणि आम्ही वाचतो काय? तर कॉलेजच्या पोरापोरींच्या लव्हस्टोऱ्या! हसू नका. तुम्हीही वाचल्या असत्या, पण तुमच्या हाती लागल्या नाहीत.

*

पुस्तकं आली ती मंदाच्या पोरीमुळं. पोरगी सासरी जाताना पोतंभर कादंबऱ्या मागं ठेवून गेली. कव्हरावर गुलाबी आभाळ, सायकल, पाठमोरी पोरगी, असलं काहीबाही. मंदानं रद्दीत घालायच्या आधी एक चाळून बघितली. झालं! मशीन बंद, मंदा चालू.

लग्नसराईचे दिवस होते. एक बाई तणतणत आली.

"मंदाताई, माझा ब्लाऊज कुठं हाये? लगीन उद्या हाये लगीन!"

मंदानं मान वर केली नाही. "थांब गं बाई जराशी. हितंबी एक लगीन मोडायलंय!"

बाई चिडून खाली बसली. मंदाच्या खांद्यावरून तिनं दोन पानं वाचली आणि म्हणाली, "मोडलं तं नंतर सांग. तवर मी काजं करते." आणि तिनं स्वतःच्या ब्लाऊजची काजं स्वतः केली!

*

मी पाचवी शिकलेला. ओळीखाली बोट ठेवल्याशिवाय मला वाचता येत नाही. एका पानाला एक चहा लागतो. दुसरा गडी रामराव राठोड, तांड्यावरचा. याचे आजे-पणजे बैलांचे तांडे घेऊन मुलूखभर फिरले. आता शेती आहे, पण हा गुरांच्या बाजारात दलालीही करतो. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली दोघांनी हात घालायचे आणि बोटं दाबून आकडा सांगायचा. बघणाऱ्याला नुसता रुमाल दिसतो.

तर एका दुपारी मंदा मोठ्यानं वाचत होती. कॉलेजचं कॅन्टीन, सगळे मित्र बसलेले. मंदानं आवाज बारीक केला. "आणि कुणाला दिसणार नाही अशा बेतानं त्यानं टेबलाखाली तिचा हात हातात घेतला. हलकेच तिची दोन बोटं दाबली..."

रामराव ताडकन उठून बसला.

"किती म्हनला?"

आम्ही हसून लोळायलो, आणि रामराव गंभीरच. "हसता काय? दोनच दाबलीत. पोरीनं हात सोडवून घ्यायला पायजे. भाव पाडून मागून राहिला तो!"

*

या कादंबऱ्यांत एका पोरीमागं दोन पोरं असतात. तो नियमच आहे. एक गोड बोलणारा, दुसरा गप्प आणि काळं जाकीट घालणारा.

"मे महिन्यात जाकीट?" रामराव म्हणाला. "घामोळ्यानं सडंल पोरगं."

मंदाचं मत गोडबोल्याला. माझंही त्यालाच, कारण मी स्वतः गोड बोलतो.

तेवढ्यात विमलवहिनी बोलल्या. या आमच्या चौथ्या. माहेर औंढ्याचं, देवळातल्या सेवेकऱ्यांच्या घरातलं, त्यामुळं बोलणं मऊ. पण बोललं की बसलं! त्यांचे यजमान भाऊसाहेब तहसीलमधून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेले. तेही तिथंच असत, पण बाकड्याच्या पार टोकाला आणि पेपरच्या आड.

वहिनी म्हणाल्या, "माझं मत त्या गप्प पोराला."

"काहून वो वैनी?"

"मी तशाच माणसाचा संसार केला. त्याच्या पोटात काय असतं ते कळावं म्हणून वाचायले."

पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला. दुसरं काहीच आलं नाही.

*

भाऊसाहेबांना आमच्या वाचनाचा तिटकारा. "पोरासोरांचं वाङ्मय!" म्हणायचे. मला खोडी काढल्याशिवाय जेवण पचत नाही. मी एक कादंबरी घेतली, तिला खाकी कागदाचं कव्हर घातलं, वर झोकात लिहिलं, 'जमीन महसूल, सुधारित नियम', आणि त्यांच्या बाजूला ठेवून दिली.

खाकी कागद दिसल्यावर साहेबांचा हात आपोआप गेला. उघडली. कपाळाला आठी पडली. मला वाटलं, आता ही माझ्या टकुऱ्यावर येणार. पण नाही! दुपार टळली, चहा थंड झाला, साहेब वाचतच राहिले.

संध्याकाळी पुस्तक माझ्या हातात देऊन म्हणाले, "किसन, प्रकरण कच्चं आहे."

"कसं काय साहेब?"

"मुलानं एकही शब्द लेखी दिलेला नाही, तोंडी दिलेला नाही. मुलगी नुसत्या त्याच्या डोळ्यांवरून निष्कर्ष काढते. अपिलात टिकणार नाही."

वहिनी मागून म्हणाल्या, "टिकतं हो. लई वर्षं टिकतं."

*

एकदा मी हिंगोलीला निघालो होतो. एसटीत खिडकीशी बसून वाचत होतो, ओळीखाली बोट. शेजारी एक धोतरवाले बुवा, मांडीवर नारळ आणि बेलाची पिशवी. नवराबायको औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला चाललेले. बायकोला पुढं लेडीज सीट मिळाली होती.

बुवांनी कव्हर बघितलं. "या वयात हे शोभतं का तुमाला?"

मी म्हटलं, "न्हाई शोभत," आणि पुढं वाचू लागलो.

थोड्या वेळानं त्यांचं डोकं माझ्या खांद्यापाशी आलं. मी पान उलटायला गेलो तर बुवांनी माझा हात धरला. "थांबा जरा! माझं व्हायचंय." आता आली का पंचाईत! म्हणजे माझ्यापेक्षाही हळू वाचणारा माणूस दुनियेत होता! मग आम्ही दोघांनी मिळून एकाच बोटानं वाचलं.

औंढा आलं. गाडी थांबली, माणसं उतरली, गाडी सुटली. हिंगोलीच्या स्टँडवर बुवांचा मोबाईल वाजला. बायकोचा आवाज माझ्यापर्यंत येत होता.

"आवो, मी देवळापुढं उभी हाये! तुमी कुठं हाव?"

"हिंगोलीत."

"हिंगोलीत? काहून?"

बुवांनी माझ्याकडं बघितलं, पुस्तकाकडं बघितलं आणि हताश होऊन म्हणाले, "काय करू? पोरगी अजून हो म्हनली न्हाई!"

*

पुढं वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, नांदेडला. मोतीबिंदू. काळा गॉगल लागला आणि डॉक्टरांनी काही दिवस वाचायला बंदी घातली. नेमकी ती गप्प पोराची कादंबरी अर्ध्यावर होती.

मंदा म्हणाली, "मी वाचून दाखविते." तर वहिनी म्हणाल्या, "नको, तुझे ब्लाऊज पडलेत." मी म्हटलं, "मी वाचतो." तर म्हणाल्या, "तुमचं बोट कथेच्या मागं राहतं." रामरावानं स्वतःच हात जोडले. मग वहिनींनी मान बाकड्याच्या टोकाकडं वळवली.

"आता तुम्हीच वाचा."

भाऊसाहेबांनी घसा साफ केला आणि कोर्टात जबानी वाचावी तसं सुरू केलं. पाऊस, कॉलेज, लायब्ररी, सगळं बराबर वाचलं. गाडी अडली ती प्रेमावर.

"तो तिच्या अगदी जवळ आला. तिच्या डोळ्यांत बघत म्हणाला, वगैरे वगैरे. तदनंतर दोघेही बसस्टॉपकडे रवाना झाले."

मंदाचं मशीन थांबलं. "साहेब, काय म्हनला तो?"

"वगैरे म्हणाला."

"वगैरे म्हनून कुनी पोरगी पटती का?"

दुसऱ्या दिवशी गोडबोल्यानं पोरीला गच्चीवर गाठलं. साहेबांचे कान लाल झाले. पुस्तकात चांगलं पानभर होतं, मी मागाहून बोट लावून वाचलं ना! साहेबांनी ते पान एका दमात उरकलं. "गच्चीवर उभयतांमध्ये जे घडले ते वरीलप्रमाणे."

आम्ही हसलो. रामराव तर पार बाकड्यावरून घसरला. वहिनी हसल्या नाहीत.

साहेब पाणी प्यायला आत गेले तेव्हा मी वहिनींना हळूच म्हटलं, "वैनी, गाळलेलं मी सांगू का? माझ्या ध्यानात हाये."

त्या म्हणाल्या, "किसनभाऊ, पुस्तकात काय लिहिलंय ते नाही ऐकायचं मला. त्यांच्या तोंडून ऐकायचंय. इतक्या वर्षांत एकदा. पुस्तकातलं का होईना."

मी टवाळ माणूस. पण तेव्हा नुसता खोकलो.

*

तपासणीला जायचं होतं. साहेबांना एसटी लागते, म्हणून वहिनींना नांदेडला मी नेलं. डॉक्टरांनी गॉगल काढून लाइट मारला, भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली आणि म्हणाले, "एक नंबर! आता खुशाल वाचा, टीव्ही बघा, काय पाहिजे ते करा."

येताना वहिनी खिडकीशी बसल्या आणि वसमत येईपर्यंत रस्त्यावरची पाटीन् पाटी मोठ्यानं वाचत आल्या. खताचं दुकान, रसवंती, ट्रॅक्टरच्या मागचं नाव, वाढदिवसाच्या बॅनरवरची सगळी पोरं. कंडक्टर म्हणाला, "आजी, शाळेत जाऊन राहिल्या का?"

मी म्हटलं, "आता साहेब सुटले बिचारे."

वहिनींनी पुढची पाटी वाचलीच नाही.

स्टँडवर उतरलो. गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत तरातरा चालल्या. कोपऱ्यावर थांबल्या, पिशवीतून काळा गॉगल काढला, घातला आणि माझा दंड गच्च धरला.

"हळू चला किसनभाऊ. मला दिसत नाही."

भाऊसाहेब दारातच उभे होते. "काय म्हणाले डॉक्टर?"

"महिनाभर अजून वाचायचं नाही म्हणाले," वहिनी म्हणाल्या. गॉगल माझ्याकडं वळला. "हो ना किसनभाऊ?"

"व्हय साहेब. लई कडक सांगितलंय. अक्षरावर नजर सुदिक टाकायची न्हाई!"

मी उभ्या जन्मात खूप थापा मारल्या, पण एवढ्या तब्येतीत कधीच नाही.

*

आणि मग ते शेवटचं पान आलं.

दुपार होती. साहेब आणि वहिनी बाकड्यावर शेजारी शेजारी. वहिनींचं तोंड गॉगलसकट समोर रस्त्याकडं. मंदा हातशिलाई करत होती. रामराव बाजार सोडून आला होता, कारण आज गप्प पोराचा निकाल लागणार होता.

साहेब वाचू लागले. कॉलेज संपलेलं, पोरगी दुसऱ्या गावाला निघालेली, बॅग बसच्या टपावर चढलेली. गोडबोल्या टाटा करून गेलेला. आणि गप्प पोरगा धावत धावत स्टँडवर येतो.

"त्याला दम लागला होता. आजवर तो तिच्यासमोर कधी मान वर करून बोलला नव्हता. आज त्यानं मान वर केली. तिच्याकडे बघितलं. आणि तो म्हणाला..."

साहेब थांबले. चष्मा काढला, धोतरानं पुसला, परत घातला.

"म्हणाला, वगैरे..."

"तिथं वगैरे नाही," वहिनी म्हणाल्या. मान हलली नाही. तोंड रस्त्याकडंच. "वरून चौथी ओळ. वाचा."

मंदाची सुई हातात राहिली. रामराव माझ्याकडं बघू लागला. मी दुकानातल्या पंख्याकडं. पंखा चांगला होता, फिरत होता.

भाऊसाहेबांनी पानावर बघितलं. वरून चौथी ओळ. मग वहिनींच्या गॉगलकडं बघितलं, सावकाश. मग माझ्याकडं. मी पंखा सोडला नाही.

साहेबांनी पुस्तक जरा खाली धरलं. आणि वाचलं.

"'तू नसलीस की मला करमत नाही. कधीच करमलं नाही. सांगायला फार उशीर केला मी.'"

समोरून एक टेम्पो हॉर्न वाजवत गेला, तो मला लांबून गेल्यासारखा वाटला. वहिनींनी पदर नीट केला. गॉगल काढला नाही.

भाऊसाहेबांनी पुस्तक मिटलं. मंदानं पुढची कादंबरी बाजूला काढून ठेवली होती, जाडजूड होती. ती त्यांनी उचलली, किती पानं आहेत ते शेवट उघडून बघितलं आणि माझ्याकडं वळले.

"किसन, डॉक्टरांनी किती दिवस सांगितलेत?"

"महिना, साहेब."

"पुरणार नाही," भाऊसाहेब म्हणाले. "मुदतवाढ घ्या."