वहिनीचं भांडण

दादाला जाऊन दोन पावसाळे झाले, तरी वहिनी त्याच्याशी रोज भांडायची. शेळगावच्या घरात शिरताना आधी तिचा आवाज कानी यायचा, आणि क्षणभर मला वाटायचं, दादा आत बसून नेहमीसारखा गालात हसतोय. मग भिंतीवरचा फोटो दिसायचा. भांडण एकच: "आठ दिस दुखणं अंगावर घेऊन हिंडलात, आन् मला सांगितलं न्हाय."

दादा उसाला पाणी द्यायला अनवाणी उतरायचा. सरीत साचलेलं पाणी, त्यात उंदरांचं मूत, आणि टाचांना ह्या भेगा. लेप्टोचा, म्हणजे उंदीरतापाचा, जंतू तिथूनच शिरला. दुखणं दिसायच्या आठेक दिवस आधीच तो आत गेला असणार, असं डॉक्टर म्हणाले, आणि वहिनीनं त्यातले आठ दिवस तेवढे मनात धरले. त्या आठवड्यात दादा कऱ्हाटी गावातल्या एका लग्नात पंगतीला वाढत होता, वर दोन लाडू जास्तीचे हाणून आला होता. मग एका सकाळी पोटऱ्या इतक्या दुखल्या की उठवेना. ते त्यानं लगेच सांगितलं. संध्याकाळपर्यंत डोळे लाल झाले, पुढं लघवी बंद झाली, आणि बारामतीच्या दवाखान्यातून तो परत आलाच नाही.

मी बारामतीतच कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. लेप्टोचा धडा आला की अजून फळ्याकडे तोंड करून मी तो कसाबसा उरकते. गेल्या दिवाळीत मात्र वहिनीनं मला समोर बसवून विचारलं, "वन्सं, खरं सांगा. त्यांच्या अंगाला कळलं हुतं ना?"

मग मी सांगितलं. रक्तात राखण करणाऱ्या पेशी असतात. परका जंतू दिसला की त्या ओरडा करतात, म्हणून ताप येतो, अंग दुखतं. पण ह्या जंतूचं वरचं आवरण माणसाच्या पेशींना नीट ओळखूच येत नाही. उंदराच्या पेशींना येतं, आपल्या मेल्या तिथंच फसतात. काही पेशी त्याला गिळतातसुद्धा, तरी तो आत जिवंत राहतो. ओरडा होतो तोवर तो मूत्रपिंडात पोचलेला असतो, आणि उशिरा उठलेल्या त्या पेशी झटापटीत आपलंच अंग तुडवतात.

वहिनी मेथी निवडत होती. तिचे हात थांबले.

"म्हंजी त्यांनी काय लपवलं न्हाय?"

"न्हाय वहिनी. दादाला म्हाईतच नव्हतं."

मला वाटलं, आता तिला हलकं वाटेल. एवढ्याचसाठी तर मी मन घट्ट करून बोलले होते. ती फोटोकडे वळली.

"मंग आता मी भांडू कुणाशी, वन्सं?"

संक्रांतीला गेले तेव्हा दारातच थांबले. आतून भांड्यांचा आवाज येत होता, वहिनीचा नाही. मी चपला काढल्या, आत गेले, आणि त्या घरात पहिल्यांदाच मला दादा कुठंच सापडला नाही.