शून्य पेट्या

गेल्या हंगामात बाबांनी दलालाला पहिल्यांदाच नाही म्हटलं, ते माझ्या भरवशावर. आंब्यांच्या मागणीसाठी मी एक वेबपेज केलं होतं. गिऱ्हाइकाने किती पेट्या हव्या ते लिहायचं, पेज बेरीज करणार, आणि सकाळी तो आकडा बघून बाबा गड्यांना आंबे उतरवायला लावणार.

पहिल्याच सकाळी त्यांच्या फोनवर आलं: आज शून्य पेट्या. बाबांनी गड्यांना परत पाठवलं. गडी सरळ शेजारच्या बागेत कामाला लागले. मी उठून नोंदींची यादी पाहतो तर बावीस पेट्यांची मागणी!

डोकंच फिरलं. पेज ज्या भाषेत लिहिलं ती जावास्क्रिप्ट मुळातच वेंधळी, कशातही काहीही मिसळू देते. म्हणून तर मी जागोजागी तिला विचारून घेत होतो, बाई, हा आकडाच आहे ना? पुन्हा एकेक ओळ तपासली. दर वेळी उत्तर तेच: आकडा. दोन तास गेले. शेवटी आकडा की अक्षर हा प्रकार विचारणं सोडून आत काय आहे ते मूल्यच पडद्यावर छापलं, तर 'नॅन', म्हणजे 'आकडा नव्हे'. आणि त्याचा प्रकार विचारला की ही भवानी सांगते, आकडा! एकाच मागणीतून आलेल्या त्या नॅनने सगळी बेरीज नासवली होती. वर 'बेरीज धड नसेल तर शून्य दाखव' ही अक्कल माझीच.

ती मागणी बाबांची होती. दरवर्षी पहिली पेटी दापोलीला ताईच्या सासरी जाते. या वेळी ती त्यांनी माझ्या पेजवर रीतसर नोंदवली होती: १. मराठीतला. जावास्क्रिप्टला तो वाचता येत नाही.

"मराठी आकडे टाकायला कोणी सांगितलं होतं तुम्हाला?" मी ओरडलो.

जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलेला माणूस. "मग हा आकडा नव्हे काय रे?" एवढंच म्हणाले.

गडी दोन दिवसांनी मोकळे झाले. तोवर खालच्या कलमांचे आंबे पिकून गळायला लागले होते. चूक माझी होती, दोन ओळींत दुरुस्त झाली. पेज आता मराठी आकडे घेतं, हे मी बाबांना दोनदा सांगितलं. त्यांनी मान हलवली.

मग ताईची पेटी एसटीत चढवायला नेली. झाकणावर पत्ता आणि फोन नंबर बाबाच लिहितात, फळ्यावर लिहावा तसा टपोरा. या वेळी नंबर इंग्रजीत होता. दोन आकडे खोडून पुन्हा गिरवलेले होते.