डोंगरावर चरायला गेलेले फोन

ती घटना आठवते म्हणण्यापेक्षा ती मला अजून ऐकू येते, असं म्हणणं खरं. दुपारी अंगणात जरा डोळा लागला की कानाशी एक कापडी पिशवी किणकिणू लागते. मग डोंगर दिसतो, डोंगरावरचं मोहाचं झाड दिसतं, आणि मी दचकून उठून बसतो. सगळं नीट केलं होतं ना, हे पुन्हा एकदा मनात तपासून घेतो.

मी मूळचा समुद्राकाठचा. शाळा लवकर सुटली. तेवढ्या शिक्षणावर त्या काळी पोलिसात घेत असत, म्हणून भरतीच्या मागे मागे सातपुड्याच्या पायथ्याशी येऊन पोचलो. या मुलखानं मला भाकरी दिली, अहिराणी शिकवली, शेवटी शेवटी खांद्यावर ताराही दिला. ते उपकार मनात ठेवूनच लिहितो आहे. नाव मात्र कुणाचंच लिहीत नाही.

तळोद्याच्या वर, डोंगरातल्या एका गावाबाहेर वसतिगृहाचं बांधकाम चालू होतं. एका सकाळी पहिल्या मजल्याचा सज्जा कोसळला आणि एक मजूर त्याखाली सापडला. जीव होता, शुद्ध नव्हती. त्याला सुरतेच्या दवाखान्यात हलवलं. आमच्या ठाण्यात निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला आणि तपास माझ्याकडे आला. चोरी, मारामारी, जनावरांची पळवापळवी यांत मी मुरलेला होतो. इथे सगळा पुरावा कॉम्प्युटरात होता.

बांधकामाच्या कंपनीचा इंजिनिअर ठाण्यात आला. पोरगा सभ्य होता, दोन दिवसांत झोपलेला दिसत नव्हता. त्यानं लॅपटॉप उघडून मला समजावलं. नकाशे आता कागदावर येत नाहीत. शहरातल्या ऑफिसातून ते इंटरनेटवर चढतात आणि साइटवरचा जो तो ते आपल्या फोनवर बघतो. नकाशात बदल झाला की नवी आवृत्ती वर येते, जुनी खाली जपून राहते. नवी आली की फोनवर लाल ठिपका दिसतो. माणसानं ती उघडून 'पाहिले' असं हिरवं बटण दाबलं की ठिपका जातो आणि ऑफिसात त्याच्या नावापुढे हिरवी खूण उमटते.

"ही जुनी, ही नवी," त्यानं दाखवलं. "नव्यात सज्ज्याला विटांचा जड कठडा आला, म्हणून ही ओळ वाढवली. सज्ज्याला मागून दाबून धरणारी आतली भिंत चढेपर्यंत त्याखालचे टेकू काढू नयेत."

"आणि साइटवरच्या गवंडी मिस्त्रीनं ते काढले."

"काढले. आणि ही बघा त्याच्या नावापुढची खूण. टेकू काढायच्या किती तरी आधीची."

मी खुणा बघितल्या. सगळ्या कामगारांच्या नावांपुढे एकाखाली एक, सारख्या, शाळेतल्या रांगेसारख्या उभ्या होत्या. मनात काही तरी टोचलं. काय ते तेव्हा कळलं नाही.

आमचे मोठे साहेब म्हणाले, "कागद पक्का आहे. मिस्त्रीला उचला."

पण मिस्त्री घरी नव्हता. नंदुरबारच्या जुन्या वस्तीतला, बापजाद्यांपासून गवंडीकाम करणाऱ्या मुसलमान घरातला हा माणूस. घरचे म्हणाले, सकाळीच गेला. तेवढ्यात ओळखीच्या एका रिक्षावाल्याचा फोन आला.

"दादा, तुमना मिस्तरी इस्टेशनवर बठेल शे. सुरतनी गाडीनी वाट देखी ऱ्हायना. जल्दी या, नहीतं पाखरू उडी जाई."

आम्ही गेलो. फलाटावरच्या बाकावर तो मांडीवर गाठोडं घेऊन बसला होता. आम्हाला बघून उठला, पळाला मात्र नाही. मिरचीचे दिवस होते, वाऱ्यात तिखटाचा खाट होता, सगळा फलाट खोकत होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. पण मिरचीच्या हंगामात नंदुरबारात डोळ्यांच्या पाण्यावरून काही ठरवता येत नाही.

ठाण्यात पंचांसमोर गाठोडं उघडलं. दोन सदरे, एक लुंगी, तेलाची बाटली. सदरे मी उचलून बघितले. मिस्त्री दांडगा गडी होता. त्या सदऱ्यांत त्याचा एक हातसुद्धा मावला नसता.

"हे कुणाचे?"

"उसके हैं साहब. मेरे जोडीदार के. उसके कपडे दवाखाने में फाड दिये बोले. होश में आया तो पहनेगा क्या?"

पळून जाणारा माणूस दुसऱ्याच्या मापाचे कपडे बांधून नेत नाही. पण कोर्टात सदरा काय सांगणार? मी जबाब घ्यायला बसलो. फिरवून फिरवून विचारलं, आवाज चढवला, उतरवला, चहा पाजला. तो एकच सांगत राहिला.

"लाल ठिपका आयाच नही, साहब. ठिपका नही मतलब नकाशा वहीच है. मैं पहले देखा था, वैसाच काम किया."

"तुझ्या नावापुढे खूण आहे. कोणी लावली, भुतानं?"

"खुदा जाने," तो म्हणाला. मग हळूच म्हणाला, "साहब, बंद करना हो तो करो. पहले एक बार उसका मुँह दिखा दो. पंधरा साल साथ में काम किया. अब तो उसको लगेगा मैंने मारा."

मी कागद पुढे ओढला. गुन्हा त्याच्या नावावर लागला असता, तर त्या हातांना पुन्हा कुणी काम दिलं नसतं. आणि सुरतेतला तो माणूस दरम्यान गेला असता तर मिस्त्री जन्मभर तेच वाक्य उराशी घेऊन जगला असता. माझा पेन चालेना. साहेबांकडे जाऊन जागा पुन्हा बघायला दोन दिवस मागितले. ते चिडले, पण देऊन टाकले. त्यांचेही आभार.

दुसऱ्या दिवशी जीपनं वर गेलो. मालाची घमेली वाहणाऱ्या बायका सावलीत बसल्या होत्या. मी म्हणालो, जरा कुणाचा तरी फोन दाखवा, नकाशा कसा दिसतो बघू.

एक हसली. "फोन चराले गयेल शेतस, साहेब! दुपारले येतीन."

"कुठे चरायला?"

तिनं हनुवटीनं डोंगराचा माथा दाखवला. खाली दरीत नेटवर्क नव्हतं. साइटचा म्हातारा राखणदार डोंगरातला पावरा आदिवासी होता. त्याचं शेत माथ्यावर. रोज सकाळी तो सगळ्यांचे फोन पिशवीत घालून वर नेई, मोहाखाली ठेवी, आणि दुपारी निरोप, फोटो, नकाशे भरलेली पिशवी घेऊन उतरे. महिनोन्‌महिने हेच चालू होतं. त्यात कुणाला सांगण्यासारखं काही वाटलंच नव्हतं.

माझ्या मनातली ती टोचणी तिथे उघडी पडली. सगळ्यांच्या खुणा एकाच सकाळच्या होत्या, आणि सकाळी फोन तर माथ्यावर असत.

त्यानंतरच्या सकाळी दोन पंच घेतले. इंजिनिअरला एक चाचणीचा नकाशा चढवायला सांगितला. खाली कामगारांसोबत हवालदार बसवला, कुणी जागचं हलायचं नाही म्हणून. आणि पंचांना घेऊन मी राखणदाराच्या मागे डोंगर चढलो. धुकं अजून पायाशी होतं. म्हातारा पुढे, खांद्याच्या काठीला पिशवी, मागे माझी धाप. मोहाखाली त्यानं पिशवी टेकली आणि ती एकाएकी जागी झाली. पंधरावीस गळे एकदम किणकिणले, कापडातून उजेड पाझरू लागला. पिशवीत कुणी चांदण्या कोंडल्या आहेत असं मला क्षणभर वाटलं. म्हातारा शांतपणे एकेक फोन काढत होता, बोटानं दाबत होता, परत ठेवत होता.

"बाबा, काय करतोस?"

"हिरवा दिसला, दाबला. सुपरवायजर बोलला, हिरवा दाब, नाय तर हापिसातून शिव्या येते."

मी तिथूनच इंजिनिअरला फोन लावला.

"झालं की," तो म्हणाला. "सगळ्यांनी पाहिला. सगळ्यांच्या खुणा आल्या."

"सगळ्यांनी?"

"हो, एकूण एक."

मी खाली बघितलं. विरळ होत चाललेल्या धुक्यातून ते सगळे एकूण एक दिसत होते, मुंग्यांएवढे, हवालदाराभोवती बसलेले. कुणाच्या तरी चिलमीचा धूर वर येत होता. आणि त्यांचे सगळे फोन माझ्या पायाशी पिशवीत होते. मी इंजिनिअरला तेवढंच सांगितलं.

मोहाखालीच पंचनामा लिहिला. राखणदाराचा अंगठा घेतला. त्याच्यावर ठपका नव्हता, त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं आणि सांगितलं ते त्यानं केलं होतं. सुपरवायजरनं आधी कानावर हात ठेवले, पंचनामा वाचून दाखवल्यावर खाली बसला. आरोपी म्हणून त्याचं नाव गेलं. मिस्त्री साक्षीदार झाला. पुढचं कोर्टाचं काम.

त्याच दिवशी मिस्त्री गाठोडं घेऊन सुरतेच्या गाडीत बसला. जोडीदार काही दिवसांनी शुद्धीवर आला. पहिला प्रश्न त्यानं काय विचारला, ते मिस्त्रीनं मला हसत हसत सांगितलं: "बोलता है, चाचा, मेरा सदरा किधर है?"

खूण फोनची असते. बघणं माणसाचं असतं, आणि ते माणसालाच विचारावं लागतं. मला या प्रकरणानं एवढं शिकवलं. पेन चालेना तेव्हा तो रेटला नाही, याबद्दल मी अजून देवाचे आभार मानतो.

निवृत्तीच्या आधी एकदा त्या साइटवर गेलो होतो. दुपार होती. राखणदार पिशवी घेऊन उतरला. आता तो हिरवं दाबत नव्हता. एकेकाला फोन देत म्हणत होता, "बघ." मिस्त्रीनं लुंगीला हात पुसले, फोन घेतला. लाल ठिपका होता. तो उकिडवा बसला, नकाशा बोटांनी मोठा केला आणि ओठ हलवत एकेक ओळ वाचू लागला.

त्याचं वाचून होईपर्यंत मी तिथेच उभा होतो.